नाव घालून दिलेल्या सह्या

लोणखेड्याहून निघालो तेव्हा आबा, माझे वडील, जीपमध्ये पुढे बसले होते. माझं नुकतंच लग्न झालेलं, नवरा सुधीर आधीच अमेरिकेत पोचलेला, आणि मला अहमदाबादहून विमान पकडायचं होतं. गाडी माझा मोठा भाऊ विलासदादा चालवत होता. माय घरीच थांबली. निघताना तिने बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा डबा माझ्या हातात दिला आणि आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. आबा अहमदाबादपर्यंत येणार असं ठरलं होतं. तळोदा गेलं, अक्कलकुवा आलं, आणि स्टँडजवळ आबा एकदम म्हणाले, "गाडी थांबाड रे, मन्हं आठे काम शे."

कसलं काम आणि कसलं काय! रस्त्याच्या कडेला डोंगरातल्या बाया सीताफळं घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडची टोपलीभर घेऊन आबांनी माझ्या पायाशी ठेवली. विमानात सीताफळं नेऊ देत नाहीत हे त्यांना कोण सांगणार? "पोचनी का फोन कर," एवढंच बोलले आणि गावाकडे परतणाऱ्या दुसऱ्या जीपमध्ये पाठ करून बसले. गुजरातची हद्द लागली तरी मी सीताफळं खात होते, रडत होते आणि बिया खिडकीतून फेकत होते. दादा म्हणाला, रस्ताभर झाडं लावत चाललीस का?

दिल्या घरी सुखी राहा म्हणतात. अहो, पण दिल्या घरी माणूस तरी हवं ना! ओहायोतल्या त्या गावात सुधीर सकाळी कामाला गेला की मी, फ्रीज आणि खिडकी. खाली पार्किंगमध्ये कुणी दिसलं तर हसून हात हलवायचा आणि आत जायचं, हीच तिथली ओळख. मी शहाद्याच्या बाजारात निम्म्या दुकानदारांशी भांडून भाव ठरवणारी बाई. माझ्या तोंडाला तिथे कुलूप लागलं.

आमच्या अपार्टमेंटच्या मागे एक छोटं स्टेडियम होतं. बेसबॉलच्या खालच्या फळीतला संघ तिथे खेळायचा. मोठ्या संघात जायची स्वप्नं बघणारी तरणी पोरं सगळी. उन्हाळ्यात एकदा आवाज ऐकून गेले. खेळातलं ओ की ठो कळेना. पण सामन्याआधी कुंपणापाशी लोक रांगेत उभे होते, हातात पत्त्यांएवढी गुळगुळीत कार्डं, त्यांवर खेळाडूंचे फोटो. खेळाडू यायचे, मार्करने कार्डावर सही करायचे आणि जायचे. रांगेत डोना नावाची एक म्हातारी होती. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, आता कार्डं जमवणारी. तिने माझ्या हातात एक कार्ड आणि मार्कर दिला आणि मला पुढे ढकललं.

खेळाडूने विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, रंजना. त्याने दोनदा विचारून घेतलं, हळूहळू अक्षरं काढली, 'रंजनासाठी' असं लिहून खाली सही केली. काय सांगू तुम्हाला! त्या देशात आल्यापासून माझं नाव कुणी विचारून, थांबून, स्वतःच्या हाताने लिहिलं असं पहिल्यांदाच घडत होतं. मी ते कार्ड छातीशी धरून घरी आले.

डोना मात्र कपाळाला हात लावायची. हल्लीची कार्डं ती मला समजावून सांगायची. दुकानातल्या पाकिटात कधीकधी सहीचं कार्ड निघतं, पण पुष्कळदा ती सही चिकटवलेली असते. खेळाडू हॉटेलात बसून कागदभर पारदर्शक तुकड्यांवर सह्या करत सुटतो, कंपनी त्या नंतर कार्डावर डकवते. ज्याची सही, त्याने ते कार्ड पाहिलेलंही नसतं. म्हणून समोर उभं राहून घेतलेली सही मोलाची. पण तिच्यावर कुणाचं नाव नको. डोना दर वेळी बजावायची, नाव घालू देऊ नकोस, नाव घातलं की ते कार्ड दुसरं कोण घेणार? मी ऐकून घ्यायची आणि पुन्हा नाव घालून आणायची. माझा अल्बम बाजारात कवडीमोलाचा होता आणि मला तो जिवापलीकडे होता.

डोमिनिकन रिपब्लिकहून आलेला एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, माझा बाप ऊस तोडतो. मी म्हटलं, मीही उसाच्याच गावची रे बाबा. त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण माझ्या नावाशेजारी त्याने उसाचं कांडं काढून दिलं. पुढच्या हंगामात तो दिसला नाही. संघाने सोडलं, घरी गेला, असं डोनाने सांगितलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, निदान घरी तरी गेला.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी आबांना नवीन कार्ड दाखवायची. "हाऊ कोन शे?" ते विचारायचे. खेळाडूचं नाव सांगितलं तर कानामागे टाकायचे. "तुन्हं नाव कोठे शे? दखाड." मी बोट ठेवायची. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी मान खाली घालून बराच वेळ बघायचे. मग चौकात जाऊन सांगायचे, "मन्ही पोरनं नाव अमेरिकामा लिखतस." लोक हसत असतील. हसू देत.

आबा गेले तेव्हा मी दहाव्याला पोचले. त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही. हे दुःख तिकडे राहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं म्हणतात, पण येतं तेव्हा ते फक्त आपलंच असतं. मी त्यांच्या खाटेवर बसून राहिले आणि वहिनीने तीनदा गरम करून आणलेला चहा तीनदा गार केला.

उत्तरकार्य आटोपलं आणि दादा शेजारी येऊन बसला. म्हणाला, "रंजू, एक सही लागी तुन्ही." आबांच्या मागे शेतावर आणि घरावर मायचं, दादाचं आणि माझं अशी तीन नावं लागली होती. मायने हक्क सोडायचं आधीच कबूल केलं होतं, आता मी सोडायचा. दादा वाईट माणूस नाही हो. आबांची आजारपणं त्याने काढली, पपईच्या बागा त्याने उभ्या केल्या, मी तर फोनवरची मुलगी. तो समजावत होता, तू तिकडे, उद्या काही करायचं झालं तर दर वेळी तुझ्या सहीसाठी कुठे धावायचं? नाव राहिलं की अडचण होते.

मी म्हटलं, शेत घे दादा, सगळं घे, एक ढेकूळ नको मला. घरावर तेवढं माझं नाव राहू दे. मला काही विकायचं नव्हतं, वाटून घ्यायचं नव्हतं. कुठल्यातरी एका घराच्या कागदावर आपलंही नाव आहे, एवढं मला हवं होतं. दादा म्हणाला, "लोके काय म्हनतीन?" बहीण हिस्सा धरून बसली, असं म्हणतील, हे त्याला म्हणायचं होतं. आतून मायचा आवाज आला. "सही करी टाक, बाय. भाऊ शे तं माहेर शे."

आता सांगा, मायपुढे काय बोलणार? आमच्याकडे हिस्सा मागणारीला राखी बांधायला उंबरा उरत नाही, हे मी लहानपणापासून बघितलंय. घर धरलं तर भाऊ जातो, भाऊ धरला तर घर जातं. मी गाडीत जाऊन बसले.

शहाद्याच्या रजिस्टर ऑफिसात गर्दी होती. आधी मायने सही केली, चौथीपर्यंत शिकलेल्या हाताची, एकेक अक्षर वेगळं. मग माझा फोटो काढला, मशीनवर अंगठा घेतला, आणि तिथला माणूस पानं उलटत म्हणाला, इथे, इथे आणि इथे. तेव्हा मला डोना आठवली. नाव असलं की किंमत उतरते, हे तिकडे तिने मला वर्षानुवर्षं सांगितलं आणि मी हसण्यावारी नेलं. इकडे माझ्या सख्ख्या भावाने तेच सांगितलं तेव्हा कुठे मला ते पटलं. मी इतकी सावकाश सही करत होते की तो माणूस म्हणाला, ताई, मागे लाईन आहे.

त्या दिवशी माझं केवढं कौतुक झालं! दादाचा जीव भांड्यात पडला होता. त्याने उसाचा रस पाजला, जरीची साडी घेतली. वहिनीने खापरावरची पुरणपोळी केली आणि मला पाटावर बसवून आग्रह करकरून वाढली. आजवर मी त्या घरात चुलीपाशी बसून हाताने वाढून घेत आले होते. पाटावर मी अर्धीच पोळी खाल्ली. वहिनीला वाटलं, तिकडे राहून माझी पोळीची सवय मोडली.

ओहायोला परतल्यावर मी एकदाच कुंपणापाशी गेले. खेळाडूने विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, नुसती सही कर. डोनाने माझ्या पाठीवर थाप मारली, शेवटी शिकलीस म्हणाली.

तुमच्यातल्या कितीजणी अशा सह्या करून आल्या असतील मला माहीत नाही. कुणी बोलत नाही. मीही बोलले नसते. पण यंदा दिवाळीला जायचं ठरवलं, सुधीरला सुट्टी नाही म्हणून एकटीच, आणि परवा दादाचा फोन आला. अगदी मायेने बोलत होता. माझ्या खोलीत ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या भरल्यात, त्या काढून रंग देऊन घेतो म्हणाला, नवा पंखा लावतो म्हणाला. मग विचारलं, "रंजू, कितला दिन ऱ्हाशी?" साधा प्रश्न आहे. घरी येणाऱ्या पाहुण्याला विचारतातच. मला त्या घरात तो कधी कुणी विचारला नव्हता.

मी म्हटलं, आठ दिवस. तिकीट मी महिन्याभराचं काढलंय. उरलेले दिवस कुठे काढायचे, ते अजून ठरलेलं नाही.