गोधडीतला जिना

"हा कधी टाकणार?"

समोरचा माणूस बोलत असताना काका त्याची बाही चिमटीत धरायचे, कापड अंगठ्याने चोळून बघायचे आणि एवढंच विचारायचे. तो कोण, कुठे निघालाय, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसायचं. आमच्या परळच्या चाळीतला एक जण नवाकोरा शर्ट घालून मुलगी बघायला निघाला होता. त्यालाही विचारलं. तो बिचारा घरी जाऊन शर्ट बदलून आला.

काका बँकेतून रिटायर झालेले, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांची आई गोधड्या शिवायची, तिचा हात काकांकडे आला होता. गॅलरीत मांडी ठोकून धावदोरा घालत बसायचे आणि हसणाऱ्यांना खुशाल हसू द्यायचे. मग गिरगावातल्या एका कलादालनाने कापडाच्या कलाकृतींची स्पर्धा जाहीर केली. परीक्षक निवडतील त्यांचं प्रदर्शन, आणि पहिली येईल ती तिथल्या भिंतीवर कायमची. झालं, काकांनी ध्यासच घेतला.

"आईच्या गोधड्या लोकांनी जन्मभर अंथरल्या, पांघरल्या, पोरांनी ओल्या केल्या," ते मला म्हणाले. "एक तरी भिंतीवर बघू दे रे."

हे मात्र ते हसत बोलले नव्हते.

गोधडीवर आमची अख्खी चाळ येणार होती. प्रत्येक घराची एक खिडकी, आणि ती त्याच घरातल्या जुन्या कपड्याची. लोकांनी साड्या दिल्या, परकर दिले. एकाने निवडणुकीचा बॅनर आणून दिला, तो काकांनी हात जोडून परत केला. माझ्याकडून त्यांना निळा चौकडीचा शर्ट हवा होता. तो माझा फार लाडका, म्हणून मी लुंगी दिली. ते तोंड वाकडं करून लुंगी घेऊन गेले.

आता मुंबईतली चाळ तुम्ही जाणताच. आमच्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू होत्या आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात कार्पेट एरिया. पहिल्या मजल्यावरच्या सावंतकाकू गोधडी बघायला आल्या त्या टेप घेऊनच.

"माझी खिडकी बारकी कित्याक?"

"काकू, हे चित्र आहे."

"चित्र तर चित्र. कांबळ्यांची दोन बोटां मोठी आसा."

शेजारचे कांबळे म्हणाले, आमची खोली कोपऱ्यातली आहे, मोठी दिसणारच. त्यावरून जी जुंपली म्हणता. शेवटी रीतसर मीटिंग भरली आणि ठराव झाला, सगळ्यांना दोन-दोन बोटं वाढवून द्या. काकांनी सगळं उसवलं, पुन्हा शिवलं. मग गोधडी स्पर्धेच्या मापात बसेना आणि बोटभरसुद्धा कोणी सोडेना. तेव्हा सेक्रेटरीने अक्कल लढवली, म्हणाला, कॉमन एरिया कापा. काकांनी जिना काढून टाकला.

"मग वर जायचं कसं?" मी विचारलं.

"सगळे आधीच घरात आहेत," काका म्हणाले. पण चेहरा उतरला होता.

गोधडी निवडली गेली आणि उद्घाटनाला पहिला नंबरही तिचाच जाहीर झाला. चाळ झाडून गेली होती. 'हात लावू नये' या पाटीखाली सावंतकाकू स्वतःचा परकर चाचपून बघत होत्या. परीक्षकबाई माईकवर म्हणाल्या, "या इमारतीला जिनाच नाही. एकमेकांपर्यंत कधीच पोचू न शकणारी माणसं. महानगरातला हा एकाकीपणा अंगावर येतो."

टाळ्या पडल्या. काका माझ्याकडे वळले.

"एकाकीपणा? आमच्याकडे?"

आमच्याकडे कोणाच्या भाजीत मीठ जास्त झालं तेही चार दारं पलीकडे कळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. मी नेमका तोच निळा शर्ट घातला होता. बाही चिमटीत.

"हा आता टाक. जिना लावायचाय."

"अहो काका, नंबर आलाय. आता कशाला हात लावताय?"

"ती भिंतीवर कायम राहणार आणि लोक म्हणणार, या लोकांना कोणी नव्हतं. असली गोधडी आईने शिवली असती का?"

मी तिथेच शर्ट काढून दिला आणि बनियनवर उभा राहिलो.

कलादालनात काका स्टुलावर बसले आणि तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना शिवत गेले, सरळ सगळ्यांच्या खिडक्यांवरून. बघ्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. ते फोटो काढत होते, वॉचमनने चहा आणून दिला. "माझी तीन बोटां गेली," असं कुरकुरत सावंतकाकू त्यांना सुई ओवून देत होत्या.

नियम म्हणजे नियम. बदल केलेली कलाकृती बाद. काका गोधडीची घडी काखेत मारून माझ्याबरोबर बाहेर पडले.

"भिंत गेली की हो," मी म्हणालो. मला फार वाईट वाटत होतं.

"गेली तर गेली. घरी जायला जिना नको?"

पुढे चाळ रिकामी झाली, सगळे भाड्याच्या घरांत पांगले. काका-काकी माहीमला गेले. टॉवर अजून व्हायचाय, पण काका थांबले नाहीत.

गेल्या महिन्यात काकींना भेटायला गेलो होतो. घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही, म्हणून त्यांनी गोधडी कपाटावरून खाली सोडलीय. मी माझ्या शर्टाच्या पहिल्या पायरीवर बोट ठेवलं. सावंतकाकूंच्या खिडकीवरून, कांबळ्यांच्या कोपऱ्यावरून, माझ्या लुंगीवरून चढत चढत काकांच्या दाराशी पोचलो आणि तिथेच थांबलो. फार आठवण आली त्यांची.

काकी बघत होत्या.

"आलास ना वर?" त्या म्हणाल्या. "बस, चहा टाकते."