पटेलाच्या ओट्यावर बसून लिहिलेली यादी

माझं अक्षर सुरेख होतं, हे आधीच सांगून टाकते. बढाई म्हणून नाही, त्या अक्षरामुळंच मला त्या कामावर पाठवलं म्हणून. पन्नासचं दशक सरत आलं होतं. बेंगळुरात एका सरकारी कन्नड प्राथमिक शाळेत मी शिकवत होते, चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला पुढारलेली समजत होते. बाई नोकरी करते, एकटी बसनं जाते, रोज वर्तमानपत्र वाचते, एवढ्यावर त्या काळी पुढारलेपण मिळून जाई.

आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडं आले, असं अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगायचे. घोडा काही कुणी पाहिला नव्हता. माझ्या माहितीतल्या सगळ्या पिढ्या टेबलाशी बसून कारकुनीच करत आल्या होत्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीतही निम्मं कन्नड. शिवाशिवीबद्दल आमच्याकडं कुणी मोठ्यानं बोलत नसे. ती चुलीसारखी घरात होतीच.

काम असं होतं. शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळीच्या रस्त्यावरच्या काही गावांची घरयादी सरकारला हवी होती. कशासाठी, ते आम्हाला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. छापील कागद होते: घराचा क्रमांक, कुटुंबप्रमुख, छप्पर कशाचं, माणसं किती, जनावरं किती. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेलं होतं की ही माहिती प्रत्येक घरी स्वतः जाऊन, पाहून लिहिली आहे. त्याखाली आपली सही करायची.

थंडीचे दिवस होते. मी निघाले तेव्हा आई वेणी घालता घालता म्हणाली, "गावात जा, पण केरीत शिरू नको हं. शिरलीस तर डोक्यावरून न्हायला लागेल. हे केस तीन दिवस वाळायचे नाहीत."

केरी म्हणजे गावाबाहेरची वस्ती. त्या वेळी आम्ही तिथल्या लोकांना हरिजन म्हणायचो आणि तसं म्हटलं की आपलं कर्तव्य झालं असं मानायचो. अण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "सरकारी काम आहे, जावंच लागेल. न्हाईल की स्वल्प गरम पाण्यानं." म्हणजे अण्णांनी मला परवानगी दिली होती. सगळा दोष आईच्या माथी मारून मोकळं व्हायची सोय मला नाही. आईनं सांगितलं ते मला पटलं, कारण ते सोपं होतं. माझे केस कमरेखाली येत होते आणि मला त्यांचा फार अभिमान होता.

गावात गेले तर पटेलानं, म्हणजे गावच्या पाटलानं, ओट्यावर खुर्ची मांडून ठेवली होती. पितळी लोट्यातून कॉफी आली. गावातली घरं मी फिरून लिहिली, ओसरीवर बसून, माणसं मोजून. पटेल मला अम्मावरे, म्हणजे बाईसाहेब, म्हणत होता. केरीची पाळी आली तसा म्हणाला, "तुम्ही कशाला त्या चिखलात जाता अम्मावरे? मी सांगतो, तुम्ही लिहा. त्या लोकांना मी नावानिशी ओळखतो."

मी बसले. तो सांगत गेला आणि मी माझ्या सुरेख अक्षरात लिहीत गेले. वर्गात मी मुलांना शिकवत होते की अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे. तो धडा मी फार रंगवून शिकवत असे, मुलांकडून घोकून घेत असे.

शेवटचं घर लिहून झालं तेव्हा ओट्यापासून बऱ्याच अंतरावर, चिंचेच्या झाडापाशी एक बाई उभी असलेली दिसली. माझ्याच वयाची असेल, कडेवर मूल. तिनं तिथूनच हाक दिली, "अम्मावरे, आमचंही घर आहे. शेवटचं. एकदा येऊन बघा." तिनं हात लांब केला तिकडं मी पाहिलं. झाडांच्या मधून नव्या कौलांचं छप्पर दिसत होतं, दारापुढचं अंगण सारवलेलं होतं. कुणी सरकारी माणूस येणार म्हणून तिनं ते सकाळी सारवलं असणार. हे मला त्याच वेळी कळलं. कळलं नाही असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं, पण कळलं होतं.

मी पटेलाकडं पाहिलं. तो हसून म्हणाला, "ते घर नाही हो, दिराच्या परड्यातली झोपडी. नवरा शहरात वीटभट्टीवर जातो आता, मोठा माणूस झालाय." पूर्वी तो पटेलाच्या शेतात राबायचा आणि आता येत नव्हता. राग कशाचा आहे हे उघड होतं. झाडापर्यंत चालत जायला दोन मिनिटं लागली असती. मी केसांवरून पदर घेतला, कागद गोळा केले आणि पानांच्या तळाशी एकेक करून सही केली. स्वतः जाऊन, पाहून.

चार वाजताची बस मिळाली. आईनं विचारलं, "शिरली नाहीस ना?" मी नाही म्हटलं. आम्ही दोघीही खूश होतो.

तीनेक वर्षं गेली. त्या बाजूला एक मोठा कारखाना यायचा ठरला. केरीची जमीन त्यात जाणार होती. ज्यांची घरं जुन्या यादीत होती त्यांना तळ्यापलीकडं घरासाठी जागा मिळणार आणि ज्यांची नव्हती त्यांना काही न देता उठवणार, असा हुकूम निघाला. यादी म्हणजे माझी यादी.

एका दुपारी शाळेच्या फाटकाबाहेर ती बाई उभी होती. कुणाकडून तरी कागदावरची सही वाचून घेऊन, शाळा शोधत आली होती. आत ये म्हटलं तरी आत आली नाही. मीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही. ती म्हणाली, "अम्मावरे, आठवड्यानं कचेरीत चौकशी आहे. तुम्हालाही बोलावणं येईल. तुम्ही एवढंच सांगा की घर होतं. तुम्ही ओट्यावरून बघितलं होतं, मला माहीत आहे. बाकी मी काही मागत नाही." तिला आता तीन मुलं होती. घर गेलं तर भट्टीवरच्या पालात राहायचं, आणि भट्टी पावसाळ्यात बंद असते, हे तिनं रडत वगैरे नाही, नीट समजावून सांगितलं.

मी म्हटलं, "सांगते." खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात तेच होतं. आठवडाभर मी मनात वाक्यं जुळवत होते.

चौकशी तालुक्याच्या कचेरीत होती. अमलदार, म्हणजे तिथला तहसीलदार, टेबलामागं बसला होता. एका बाजूला पटेल, एका बाजूला आमचे हेडमास्तर आणि यादीच्या कामावरचे आणखी दोन शिक्षक. ती बाई आणि तिचा नवरा दाराच्या आत, पण भिंतीला लागून उभे. अमलदारानं मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही प्रत्येक घरी स्वतः गेला होता?"

हा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं. माझी सगळी वाक्यं घराविषयी होती, माझ्याविषयी एकही नव्हतं. सही समोर होती. नाही म्हटलं तर खोटी सही केल्याबद्दल नोकरी जाणार. हेडमास्तर माझ्याकडं पाहत होते. मी म्हटलं, "हो. प्रत्येक घरी गेले होते."

अमलदार बाईकडं वळला. "या तर घरोघरी गेल्या होत्या म्हणतात. मग तुझं घर कसं सुटलं?"

ती मला तिथंच उघडं पाडू शकली असती. सगळी केरी साक्षीला आली असती की ही बाई ओट्यावरून उठलीच नाही. पण ती घाईनं म्हणाली, "आल्या होत्या साहेब! माझ्याकडं आल्या होत्या, चटईवर बसल्या. मी पाणी दिलं, ते प्यायल्या. लिहायचं राहिलं असेल त्यांच्या हातून, पण आल्या होत्या."

माझं खोटं तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि अशा खुबीनं, की माझी सही खरी ठरत होती आणि तिचं घरही उभं राहत होतं. मला काही करायचंच नव्हतं. गप्प बसायचं होतं. फार तर मान हलवायची. लिहायचं राहिलं, माणसाच्या हातून चुकतं, अमलदारानं शेरा मारला असता आणि सगळे घरी गेलो असतो.

आणि मी ताडकन म्हणाले, "खोटं आहे! मी हिच्या घरचं पाणी प्यायलेले नाही!"

कुणी मला विचारलं नव्हतं. मी विचार करून बोलले असंही नाही. हेडमास्तरांसमोर, त्या दोन शिक्षकांसमोर, मी तिच्या हातचं पाणी प्यायले असं कुणी म्हणावं, हे माझ्याच्यानं सहन झालं नाही. उद्या शाळेत माझा डबा, माझा तांब्या बाजूला ठेवतील, एवढी भीती एका क्षणात अंगातून गेली असावी. त्या दिवशी कचेरीत मी बोललेलं ते एकच वाक्य खरं होतं. इतकं ठासून मी आयुष्यात दुसरं काही खरं बोललेले नाही.

अमलदार म्हणाला, "म्हणजे ही खोटं बोलते."

"पाण्याचं खोटं बोलते."

"आणि घर? होतं की नव्हतं?"

पटेल मिशीत हसत होता. घर होतं म्हटलं तर मग लिहिलं का नाही, गेला होता तर दिसलं कसं नाही, असं सगळं परत माझ्यावर आलं असतं. मी म्हटलं, "यादीत आहेत तेवढीच घरं होती." त्यानं काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढं काय झालं ते मला त्या शिक्षकांपैकी एकाकडून कळलं. पोलीस आले, यादीबाहेरची घरं पाडली. नवरा दारात आडवा उभा राहिला तर त्याला लाठ्यांनी मारलं, उजवा हात मोडला. हाताशिवाय भट्टीवर कोण ठेवणार? ती माणसं कुठं गेली ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं हे मधल्या सुट्टीत सांगितलं आणि घंटा झाली म्हणून आम्ही दोघं आपापल्या वर्गात गेलो. तो धडा मी पुढंही शिकवत राहिले, निवृत्त होईपर्यंत, फक्त रंगवून शिकवणं जमेना. माझ्या यादीचं पुढं कुणी काही विचारलं नाही. सहीवर विश्वास बसला होता.

हे एवढं मी पूर्वी एकदोघांना सांगितलेलं आहे. ऐकणारे म्हणतात, तुम्ही तरुण होता, काळ तसा होता. मला ते ऐकून राग येतो. काळ पटेलाच्या ओट्यावर बसला नव्हता, मी बसले होते. पण त्यांना मी सगळं सांगितलेलंच नाही. कचेरीच्या व्हरांड्यात काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चौकशी संपल्यावर मी बाहेर आले तर ती खांबाशी उभी होती. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, कदाचित थुंकेलही. मी जवळजवळ त्याची वाट पाहत होते. ती दोन पावलं मागं सरकली, माझ्या अंगावर तिची सावली पडू नये म्हणून की काय, आणि हात जोडून हलक्या आवाजात म्हणाली, "अम्मावरे, चुकलं माझं. तुम्ही, गेले होते, असं म्हणालात, म्हणून तुमचं खरं ठरावं असं काहीतरी बोलायला गेले. पाण्याचं बोलायला नको होतं. एवढ्या लोकांत तुम्हाला कमीपणा आणला. रागावू नका."

ती माझी क्षमा मागत होती. आणि मी, लोक बघताहेत म्हणून पदर सारखा करत, अगदी मोठ्या मनानं तिला म्हटलं, "असू दे."