खालच्या माणसाचा शब्द

आमच्या ह्यांच्या आवाजाबद्दल काही विचारू नका. घरात मीठ मागितलं तरी शेजारीण दचकते. पण त्याच आवाजावर आमचं घर उभं राहिलं, म्हणून मी आपली ऐकून घेते. हे तिजोऱ्या हलवतात. कपाट काय, कोणीही हलवेल. पण लोखंडी तिजोरी जिन्यावरून उतरवायची म्हटली की भलेभले डोकं खाजवतात आणि ह्यांचा फोन नंबर देऊन मोकळे होतात. टेम्पो मी चालवते. ह्यांना गाडी येत नाही, आणि हे कबूल करायला त्यांना लग्नानंतर बरीच वर्षं लागली.

ह्यांच्या टोळीचा एक नियम आहे. तिजोरी जिन्यावर असताना बोलायचं एकानेच, आणि तो म्हणजे सगळ्यात खाली उभा असलेला माणूस. तो ‘सोड’ म्हणेल तेव्हा वरच्यांनी दोर सोडायचा, ‘धर’ म्हणेल तेव्हा धरायचा. घसरली तर त्याच्याच अंगावर येणार, म्हणून शब्दही त्याचाच. वरच्याने शिंकायचं तेसुद्धा विचारून, असं हे म्हणतात. आणि खाली कायम हेच उभे. धाकट्या भावाला कधी ती जागा दिली नाही. भाऊजींचे केस पांढरे व्हायला लागले, तरी ते आपले दोरावरच.

यंदा ह्यांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजनाखाली उभे राहाल तर एक दिवस तिथेच खाली बसाल. हे बरेच दिवस गुडघ्याला तेल चोळत बसले. मग एका सकाळी चपला घालता घालता भावाला म्हणाले, ‘आज खाली तू.’ भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी टेम्पोची किल्ली शोधायला लागले.

काम एका वयस्कर बाईंकडे होतं. त्यांनाही जिना चढवेना, म्हणून माडीवरची तिजोरी खालच्या खोलीत, पलंगाशेजारी हवी होती. ‘आत काही नाही हो, जुने फोटो आहेत,’ असं त्या इतक्या वेळा म्हणाल्या की पैलवान गालात हसायला लागला. पैलवान म्हणजे आमचा दोरावरचा माणूस. फुंकर मारली तर उडेल असा, पण पकड अशी की बघत राहावं.

जिना लाकडी, अरुंद, मधेच वळणारा. पायऱ्यांवर फळ्या टाकल्या, मी कोपऱ्यांना जुन्या रजया बांधल्या. वर दाराच्या चौकटीत आडवी पहार अडकवून तिला दोराचे वेढे दिले. दोरावर पैलवान आणि हे, तिजोरीखाली भाऊजी, हातात लाकडी पाचर. मी जिन्याच्या तळाशी उभी.

‘सोड,’ भाऊजी म्हणाले.

‘काय?’ वरून पैलवान.

‘सोड रे!’

तिजोरी कुरकुरत निघाली. सोड, धर, सोड, धर. भाऊजी दर वेळी पाचर मारायचे, मग श्वास घ्यायचे. वळणापर्यंत सगळं छान झालं. तिथे भाऊजी भिंतीला पाठ लावून, पाचर बसवायला वाकले. वरून ह्यांना तिजोरीची कड भिंतीपासून मोकळी झालेली दिसली. तेवढीच दिसली. आणि सवयीने, अगदी आपल्या नेहमीच्या आवाजात, हे ओरडले, ‘सोड!’

पैलवानाच्या हातांनी ऐकलं. जन्मभर त्याच आवाजाचं ऐकत आलेले ते हात, दुसरं काय करणार? तिजोरी धाडकन सरकली. पाचर अर्धीमुर्धी आत गेली होती, ती करकरली, आणि तिजोरी भाऊजींच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबली. पैलवानाने पुन्हा दोर आवळला. बाईंनी तोंडावर हात ठेवला.

भाऊजी ओरडले नाहीत. म्हणाले, ‘दादा, वरून कोणी बोलायचं नाही.’

ह्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला, त्याचा बोळा केला आणि सरळ दातांत धरला. खरं सांगते, पुढचा सगळा जिना या माणसाने तोंडात पंचा धरून तिजोरी उतरवली. पैलवानाला हसू येत होतं की रडू, ते त्याचं त्यालाच ठाऊक. भाऊजी मात्र आता खणखणीत बोलत होते. तिजोरी खाली आली, पलंगाशेजारी भिंतीला लागली. बाईंनी तिच्यावर लगेच पाण्याचा तांब्या ठेवला.

हे आणि भाऊजी कुठे दिसेनात, म्हणून मी मागच्या दारी गेले. भाऊजी नळापाशी वाकून ओकत होते. हे एका हाताने त्यांची पाठ चोळत होते, दुसऱ्याने पाणी ओतत होते.

‘चुकलं माझं,’ हे म्हणाले.

भाऊजींनी चूळ भरली. ‘ते जाऊ दे. दादा, तुला पण असंच व्हायचं? खाली उभं राहिल्यावर?’

‘रोज.’

‘रोज? अन् कधी बोलला नाहीस?’

‘बोललो असतो तर आज तू उभा राहिला असतास का?’

एवढा संसार केला या माणसाबरोबर, आणि मला वाटायचं, ह्याला भीती म्हणजे काय तेच माहीत नाही. माझा असा संताप झाला! ‘अहो, त्यांचं सोडा,’ मी ओरडलेच, ‘मला तरी सांगायचं!’

ह्यांनी मागे वळून पाहिलं. डोळे लाल झाले होते.

‘तुला सांगितलं असतं,’ हे हळूच म्हणाले, ‘तर दुसऱ्या दिवशी तू टेम्पो काढला नसतास.’

नसताच काढला.