सूर्यमाळचं रेल्वे फाटक

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. सूर्यमाळची रेल्वे मी बंद पाडली. त्याआधी ती सुरूही मीच केली होती, चौथीच्या वर्गात, गणिताच्या तासाला.

तिथल्या एका पाड्यावर मी तेव्हा नवा मास्तर होतो. शाळेची घंटा म्हणजे झाडाला तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा. एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, हा रूळ इथं कसा?" मला माहीत नव्हतं. तसं म्हणायची लाज वाटली. म्हणालो, "पूर्वी इथून गाडी जायची. बंद पडली. चला, बेरीज करा."

दुसऱ्या दिवशी तिचा आजा वर्गाच्या दारात हजर.

"गुरुजी, गाडी माझे शेतातून जायची ना?"

"कशावरून, बाबा?"

"एक पट्टी हाय, सपाट नि सरळ. एवढे डोंगरात देवानं काय सरळ केलं नाय. ते सरकारचंच काम."

पोरं ऐकत होती. मी मान डोलावली.

त्या वर्षापासून म्हाताऱ्यानं पट्टीत नागली लावणं सोडलं. जागा सरकारची, गाडी परत आली तर पीक चिरडायचं. बकऱ्या तिथं शिरल्या की ओरडायचा, "रुळावरून हटा!" जीपवाले थट्टेनं त्याच्या शेताजवळच्या वळणाला फाटक म्हणू लागले. पुढं थट्टा विरली, नाव राहिलं. "फाटकवाले उतरा!" म्हटलं की मीही उतरायचो.

मग माझी जव्हारला बदली झाली. तिथं पाड्यावरच्या शाळेतले माझ्या आधीचे गुरुजी भेटले. तो तुकडा त्यांनी कसाऱ्याच्या एका भंगारवाल्याकडून जीपच्या टपावर घालून आणला होता. "टप बसला हो! जीपवाला महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता," म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

परवा मोखाड्याच्या बाजारात म्हातारा दिसला, मुलाचा हात धरून चालताना.

"गुरुजी, पोरगा सांगतो, औंदा पट्टीत नागली लावू. मी सांगलं, गुरुजीला विचारल्याबिगर नाय. गाडीचा काय पत्ता?"

मुलगा माझ्याकडेच बघत होता. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

कोणाला विचारणार होतो? त्या रेल्वेचा सगळा कारभार माझ्याकडेच.

लावणीच्या आधी त्याच्या शेतात जायचं आणि त्याच्या मुलासमोर म्हणायचं: बाबा, पट्टी तुमचीच, मी खोटं बोललो. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.