वाचून दाखव

सत्यशीला गजभिये अडीच वर्षांची असताना वर्तमानपत्र वाचायची. हे ऐकलं की लोक आधी 'काय सांगता!' म्हणतात आणि मग विचारतात, 'बरं, पुढे काय झालं?' पुढे काय व्हायचंय? सगळ्यांचं होतं तेच झालं. मुलगी मोठी झाली, परीक्षा देऊन सरकारी कचेरीत लागली, बिबवेवाडीत लहानसा फ्लॅट घेतला आणि आता पन्नाशी ओलांडून त्यात एकटी राहते. लग्न राहून गेलं. त्याला कारण वगैरे काही नाही, राहिलं ते राहिलंच.

तिचे बाबा, सीताराम गजभिये, भंडाऱ्याकडून येऊन खडकीला कारखान्यात लागलेले. त्यांच्या वडिलांना गावी आलेलं कार्ड वाचून घ्यायचं तर दुसऱ्याच्या अंगणाबाहेर ताटकळत उभं राहावं लागायचं. असल्या घरातल्या माणसाने ठरवलं की आपली पोर बोलायला लागली की वाचायलाही लागली पाहिजे. यात हसण्यासारखं काही नाही, आधीच सांगून ठेवते. कामावरून आले, हातपाय धुतले, की ते तिला मांडीवर घ्यायचे आणि तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवायचे. पोरगी भराभर उचलायची. मग घरात रिवाजच पडून गेला. पाहुणे आले की आधी सत्यशीला स्टुलावर उभी राहून पेपर वाचणार, मग चहा. जयंतीच्या कार्यक्रमात तर टेबलावर उभी करायचे. एकदा तिने खणखणीत आवाजात, हसत हसत, कुणाच्या तरी दुःखद निधनाची बातमी वाचली आणि अख्ख्या वस्तीने टाळ्या वाजवल्या. शब्द येत होते हो तिला. मेलं कोण आणि रडायचं कुणी, हे त्या वयात कुठून कळणार?

खरी पंचाईत नंतर झाली. चौथीपर्यंत वर्गातल्या सगळ्याच पोरी घडाघडा वाचायला लागल्या आणि सत्यशीलाचं नवल संपलं. पाहुणे थेट चहा पिऊ लागले. खेळायला जावं तर खेळ येत नव्हते. लगोरीत कुणी घेईना, घेतलं तर कच्चं लिंबू म्हणून. ती आपली पायरीवर पुस्तक घेऊन बसायची आणि येणारीजाणारी मोठी माणसं म्हणायची, 'किती शहाणी पोर!' शहाणी कसली डोंबलाची, एकटी होती ती. पुढे आई गेली, बाबा गेले, आणि तो एकटेपणा तेवढा जसाच्या तसा तिच्याबरोबर बिबवेवाडीला आला.

तिथे समोरच्या फ्लॅटमध्ये शुभंकर आणि श्रद्धा राहायला आले. दोघं आयटीतले. त्यांचा आयुष नुकता दोन वर्षांचा झालेला. श्रद्धाची घरून नोकरी आणि संध्याकाळच्या मीटिंगा संपता संपत नसत, म्हणून एकदा तिने विचारलं, 'ताई, जरा तासभर बघाल का याला?' तो तासभर मग रोजचा झाला. सत्यशीला ऑफिसातून आली, कुलूप निघाल्याचा आवाज झाला, की समोरून हा ठोंब्या धावत सुटायचा, तो थेट स्वयंपाकघरात. कांदेबटाट्यांची टोपली पालथी करायची. बटाटे डब्यात भरायचे, डबा उपडा करायचा, पुन्हा भरायचे. एक बटाटा ओढणीत गुंडाळून निजवायचा. सत्यशीला फरशीवर मांडी घालून बसायची आणि त्या बटाट्याला थोपटायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी खेळायला घेतलं होतं, आणि तेही कच्चं लिंबू म्हणून नव्हे! ऑफिसात दुपारी चारनंतर तिचं फायलीत लक्ष लागेनासं झालं. त्या एका तासासाठी ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

आणि मग एकदा यमुनाबाई सत्यशीलाला भेटायला आल्या. खडकीच्या जुन्या शेजारीण, मनाने चांगल्या, पण तोंडाला कुलूप नाही. लिफ्टमध्ये श्रद्धा भेटली, तर तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळी कथा सांगून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी आयुषला घेऊन श्रद्धा स्वतःच आली.

'ताई, कमाल आहे तुमची! अडीच वर्षांच्या असताना पेपर वाचायचात आणि आम्हाला पत्ताच नाही!'

'जुनी गोष्ट आहे गं.'

'जुनी कसली? आयुषला शिकवा ना. त्याच्या वयाची मुलं फ्लॅशकार्ड्स वाचतायत. मी एक क्लास बघितलाय अर्ली रीडिंगचा, सहा ते सात. पण तुम्हीच शिकवणार असाल तर क्लास कशाला? नाहीतरी तुमच्याकडे तो टाइमपासच करतो.'

सहा ते सात. म्हणजे नेमका तोच तास. सत्यशीलाला बोलायचं होतं पुष्कळ. हा टाइमपास नव्हे, बाई. पोर बटाटा निजवतंय, तर निजवू दे की. अक्षरं कुठे पळून जातायत? पण क्लास म्हणजे आयुष येणार नाही, एवढंच तिला ऐकू आलं. तिच्या तोंडून निघालं, 'शिकवीन की. त्यात काय!'

तिने जाड पुठ्ठ्याची कार्डं केली. आई, बाबा, बस, बटाटा. आयुष हुशारच. पंधरवड्यात चारही ओळखायला लागला. श्रद्धाने मोबाइलवर व्हिडिओ काढून आजीआजोबांपासून सगळ्यांना पाठवला. सगळीकडून अंगठे आले, बदाम आले. सत्यशीलालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

पण हळूहळू पोराचं धावत येणं थांबलं. तो यायचा आणि बाहेरच्या खोलीतच, कार्डं ठेवलेल्या टीपॉयपाशी उभा राहायचा. एका संध्याकाळी तिने 'बटाटा'चं कार्ड धरलं. त्याने वाचलं, बरोबर वाचलं. स्वयंपाकघराच्या दारातून टोपली समोरच दिसत होती, तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने पाहिलं ते सत्यशीलाच्या तोंडाकडे. मान थोडी वर, ओठ मिटलेले, शाबासकी येतेय का याची वाट बघत. ती नजर तिने कधी आरशात पाहिली नव्हती, पण आतून ओळखीची होती. कार्डं तिने उचलली आणि सरळ कपाटात टाकली.

'श्रद्धा, मी नाही शिकवणार याला,' तिने त्याच दिवशी सांगून टाकलं. 'तीन-चार वर्षं जाऊ दे. आपोआप शिकेल. आत्ता नुसता खेळायला पाठव.'

श्रद्धा गोड हसून म्हणाली, 'हरकत नाही, ताई. सगळ्यांना शिकवायला जमतंच असं नाही.'

झालं! एका वाक्यात निकाल. सोमवारपासून आयुष क्लासला जाऊ लागला.

आता ज्याने असा तास कधी गमावला नाही, त्याला हे कळायचं नाही. सत्यशीला घरी यायची, कुलूप काढायची आणि उगाच दोनदा वाजवायची. समोरचं दार बंदच. कपडे बदलायचे, चहा टाकायचा, अर्धा प्यायचा. बटाटे टोपलीत कोंब येईपर्यंत पडून राहिले. टीव्ही लावला तर त्यातली माणसं एकमेकांशीच बोलायची. तिने स्वतःला हजारदा समजावलं, आपण केलं ते पोराच्या भल्याचं केलं. पण भलं केल्याने घर भरत नाही ना! हट्टाने शहाणपणा करायला गेलो आणि होतं तेही घालवलं, असं तिला रात्रंदिवस वाटू लागलं. महिनाभर तिने कळ काढली आणि एका रविवारी तिचा धीर सुटला. जाऊ दे ते तत्त्व खड्ड्यात. श्रद्धाला म्हणावं, पाठव त्याला, शिकवते मी. अक्षरं शिकवते, इंग्रजी शिकवते, तू म्हणशील ते शिकवते. फक्त पाठव.

ती तशीच समोर गेली. लाकडी दार उघडं होतं, जाळीचं तेवढं लोटलेलं. आत श्रद्धा भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. लॅपटॉप मिटलेला. मांडीवर आयुष, पुढ्यात मोठ्या अक्षरांचं पुस्तक. श्रद्धा त्याचं बोट धरून एकेका शब्दाखालून नेत होती. मधेच पोराने पुस्तकातल्या हत्तीला चावा घेतला आणि दोघंही खिदळली.

'अय्या, ताई! या ना आत,' श्रद्धाने बसूनच हाक मारली. 'होमवर्क चाललाय आमचा. क्लासच्या मॅडमनी सक्तीच केलीये, पालकांनी मांडीवर घेऊनच बसायचं, फोन बंद. खरं सांगू? अख्ख्या दिवसात याचा एवढाच वेळ माझ्या वाट्याला येतो.'

सत्यशीला आत जाऊन उभी राहिली. बाबांची मांडी तिला आठवली. हातपाय धुऊनही त्यांच्या अंगाला यंत्राच्या तेलाचा वास यायचा. त्यांची हनुवटी तिच्या डोक्यावर टेकलेली असायची. स्टूल आणि टाळ्या तिने जन्मभर लक्षात ठेवल्या होत्या. ती मांडी कशी कुणास ठाऊक, विसरून गेली होती.

'आयुष, मावशीला वाचून दाखव पाहू,' श्रद्धा म्हणाली.

आयुषने पुस्तकाकडे पाहिलं, सत्यशीलाकडे पाहिलं. 'नाही,' तो म्हणाला आणि आईच्या पोटात तोंड खुपसलं.

'बरं बाबा, नाही तर नाही,' म्हणत श्रद्धाने हसून पान उलटलं.

एवढंच. कुणी रागावलं नाही, कुणी हिरमुसलं नाही, आणि मांडीही हलली नाही. सत्यशीला बघतच राहिली. 'वाचून दाखव' म्हटल्यावर नाही म्हणता येतं, हे तिला माहीतच नव्हतं. बाबांनी कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता, हात उगारणं तर दूरच. पण आपण नाही म्हटलं तर ती मांडी राहील की जाईल, याची खात्री तिला कधी वाटली नव्हती, आणि म्हणून तिने कधी नाही म्हणून पाहिलंच नाही.

'काही काम होतं का, ताई?'

'नाही गं. विरजण संपलंय, चमचाभर असेल तर बघायला आले होते.'

श्रद्धाने आयुषला अलगद खाली ठेवलं, वाटीत दही दिलं आणि पुन्हा त्याला घेऊन बसली. सत्यशीला वाटी घेऊन घरी आली. घरात दूध नव्हतंच. ते दही तिने ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्लं आणि मग खुर्चीत बसून रडली, अगदी हुंदके देऊन. आयुषचं काही बिघडलं नव्हतं, पोर मजेत होतं, आणि याचा तिला आनंदच होता. पण त्याला तिच्याकडे पाठवायचं आता कुणालाच काही कारण उरलं नव्हतं.