मंगळीनं गाणं अडवलं

तीन आठवडे झाले. जव्हारच्या बाजारात ओळखीच्या एका बाईनं गाठून सांगितलं, "तुझी मंगळी गेली गो सकाळी," आणि मी हातातली भाजी तिथंच टाकून मोखाड्याच्या वाटेला लागले. मंगळी माझी नात्यातली नव्हे. ती धवलेरी. आम्हा वारल्यांत लग्न धवलेरी लावते, गाणी म्हणून. आणि नवऱ्याजवळ नांदणाऱ्या बाईलाच तो मान. माझं लग्नही तिनंच लावलं होतं.

त्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं मुसळानं माझा डावा हात मोडला. भाकर करपली, एवढंच कारण. बापाकडे गेले, तर त्यानं हाताला पाला बांधला, जेवू घातलं आणि सकाळी स्वतः नेऊन पोचवलं. वर जावयाची माफी मागितली. त्या बापाला मी अजून क्षमा केलेली नाही... दुसऱ्यांदा पळाले ती मंगळीच्या दारात. तिनं हात उलटासुलटा करून पाहिला.

"माझेच तोंडानं लगीन लागलां तुझां," ती म्हणाली. "आता तां मोडंपर्यंत ह्या तोंडातून गाणां नाय निघायचां."

तिनं तसंच केलं. माझ्या नवऱ्याच्या पाड्यावर एक लग्न होतं. मांडव उभा, दारू गाळून तयार. मंगळीनं निरोप धाडला, आधी त्यानं पंचांपुढं काडी मोडून बायकोला सोडावं, मग मी येते. आसपासच्या धवलेऱ्यांनाही तिनं सांगून ठेवलं होतं, एकही गेली नाही. पंच येऊन शिव्या देऊन गेले. कुणी तिला भुताळी म्हणालं, कुणी तिच्या कोंबड्या मारून दारात टाकल्या. अंगाला हळद लागलेली नवरी रडत आली, तिलाही मंगळीनं तशीच परत पाठवली. तेव्हा मला मंगळी दुष्ट वाटली होती, खोटं कशाला सांगू.

मग तिच्या नवऱ्याला पाड्यावरच्यांनी दारू पाजून पेटवलं. त्यानं घरी येऊन काठी तुटेपर्यंत तिला मारलं. मी कुडापलीकडे बसून होते. माझा एक हात तरी धड होता, पण मी उठले नाही. तो दमला, तरी ती 'लग्न लावायला जाते' म्हणाली नाही. चौथ्या दिवशी पंचांनी काडी मोडवली आणि मी सुटले.

पुढं जव्हारला मास्तरीणबाईंकडे कामाला लागले, तिथंच लिहायला शिकले. दर होळीला मंगळीकडे जायचे. तिच्या अंगावर माराचा नवा वळ असायचाच. एकदा विचारलं, "तू का नाय काडी मोडत?"

भाकर थापता थापता ती म्हणाली, "मोडली त माझां धवलेरीपण जाल. मंग तुझेसारखी पोर दारात आली, त मी काय अडवू?"

माझ्यानंतर आणखी तीन पोरी आल्या. तिघीही सुटल्या. ती तेवढी राहिली.

मी पोचले तेव्हा बायका तिला न्हाऊ घालत होत्या. पाठीवर पाणी ओतताना माझा हात थांबला... जुन्या वळांवर ताजे वळ होते. सगळ्यांनी पाहिले. "नशिबाची. नवऱ्याआधी गेली," एक जण म्हणाली, आणि आम्ही घाईनं तिला नवं लुगडं गुंडाळलं.

तिचा म्हातारा अंगणात बसला होता. तिथूनच म्हणाला, "आवरा लवकर. माझे पोटात सकाळपासून काय नाय."

चुलीशेजारी मडक्यात भात होता, तिनंच सकाळी रांधलेला. मी उठून त्याला वाढला.