राहून गेलेली कानपिळी

“तुमच्या माहेरी असं कोणी होतं का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी मान हलवून ‘नाही’ म्हटलं. सांगायचं तर त्या ‘नाही’पासूनच सांगायला हवं. आठ वर्षं झाली त्याला. मी मुळात बोलकी नाही. सासूबाई म्हणतात, हिच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे नारळ सोलण्यापेक्षा अवघड. पण ही एक गोष्ट आता पोटात मावत नाही, आणि सांगायला बसलं की हसूही आवरत नाही. तेव्हा थोडं पुढेमागे झालं तर सांभाळून घ्यावं.

मी तेव्हा अडतिसाव्या वर्षात होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस राहिले होते. आमचे हे भिवंडीत लूमवर मास्टर. ही बातमी ऐकून त्यांनी अख्ख्या शिफ्टला चहा पाजला होता, आणि सासूबाईंनी तर आळीत एकही दार सांगायचं ठेवलं नव्हतं. वय जास्त म्हणून चौथ्या महिन्यात रक्ताची एक तपासणी केली. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बसवलं, दार लावलं आणि हळूहळू समजावलं. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता जास्त दिसतेय, पण ही नुसती शक्यता आहे. नक्की कळायचं तर पोटातून सुईनं थोडं पाणी काढून तपासावं लागेल. मग पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण विसाव्या आठवड्याच्या आत. त्यांनी पुस्तकातला एक फोटो दाखवला. बारीक तिरपे डोळे, चपटं नाक, गोल हसरा चेहरा. हे तो फोटो निरखून बघत होते. मला निरखायची गरज नव्हती. हा चेहरा मी सहा वर्षांची असल्यापासून ओळखत होते.

“बहुतेक वेळा हे घराण्यातून येत नाही,” बाई म्हणाल्या, “पण कधीकधी येतं, म्हणून विचारते.” आणि मी नाही म्हटलं.

हिरामण माझा धाकटा भाऊ. पडघ्याजवळच्या आमच्या गावात त्याला खुळा म्हणत, पण खुळा म्हणणारेच त्याला अंगणात बोलावून भाकरी खाऊ घालत. माझ्यामागे सावलीसारखा असायचा. बोलणं जाड, चालणं डुलत डुलत, आणि आनंद झाला की दोन्ही हात वर. मला बघायला स्थळं येऊ लागली, आणि दोन ठिकाणांहून हिरामणला पाहून नकार आला. तेव्हा बाबांनी त्याला गणेशपुरीकडच्या मावशीच्या गावी नेऊन ठेवलं. मावशी विधवा, एकटी, तिलाही सोबत झाली. हिरामण जाईना, म्हणून बाबांनी त्याला सांगितलं, ‘तायचं लगीन झालं की तू नवऱ्याचा कान पिळायचास, तुला टोपी मिळेल.’ होमाच्या वेळी नवरीच्या भावानं नवरदेवाचा उजवा कान पिळायचा आणि नवरदेवानं त्याला मानाची टोपी द्यायची, ही आमच्याकडची रीत. पठ्ठ्या एसटीत चढला तो कान पिळायची खूण करतच!

माझं लग्न झालं ते त्याच्याशिवाय. सासरी सांगितलं होतं, एकुलती एक मुलगी. मुलीच्या लग्नाचा प्रश्न म्हटल्यावर गावानंही तोंड मिटून घेतलं. कान चुलतभावानं पिळला, टोपी त्याला मिळाली. मी मान खाली घालून बसले होते. सगळ्यांना वाटलं, लाजतेय. त्यानंतर अकरा वर्षांत मी मावशीकडे एकदाही गेले नाही. दिवाळीला बाबांच्या हाती एक शर्टपीस पाठवायचे. बाबा गेले आणि तेही थांबलं.

आता जे लिहिते ते मी कुणाला, अगदी यांनाही, बरेच दिवस सांगितलं नव्हतं. त्या रिपोर्टनंतर मला बाळाची भीती वाटत नव्हती. मला भीती होती ती उघडं पडण्याची. तसं बाळ झालं तर माझ्या माहेराची चौकशी होईल, हिरामण निघेल, मी खोटी ठरेन. हे म्हणाले, “मला मूल हवंच आहे. पण तुला झेपणार नसेल तर तू सांगशील तसं.” मी सुईची तपासणी गुरुवारची ठरवून टाकली आणि मनात पुढचंही ठरवलं. कधी एकदा सगळं उरकतं असं झालं होतं मला.

सासूबाईंना एवढंच कळलं होतं की रिपोर्ट बरा नाही. त्या म्हणाल्या, “मंगलवारी वज्रेश्वरीला जाऊ. देवीची ओटी भरू, मग काय त्या सुया टोचा.” मावशीचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, इथल्याच देवीची भरू या, एवढ्या लांब एसटीनं कशाला? त्यावर म्हणाल्या, “देवी काय टीवीचा चॅनल हाय गो, इथला बघितला नि तिथला बदलला?”

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं पोचलो. पायऱ्या चढताना मी इकडेतिकडे बघतही नव्हते. गाभाऱ्यासमोर सासूबाईंनी खणा-नारळानं ओटी भरली, मला म्हणाल्या, माग काय मागायचं ते. मी दोन गोष्टी मागितल्या. एक, रिपोर्ट खोटा ठरू दे. आणि दुसरी, हे लिहिताना आजही लाज वाटते, आई, आज मला हिरामण दिसू देऊ नकोस, मी त्याला दिसू देऊ नकोस.

उतरताना, पायरीवर कोरलेल्या कासवापाशी सासूबाई हळद-कुंकू वाहायला थांबल्या, आणि मला खालून मावशी चढताना दिसली. केस पांढरे झालेले, हातात फुलांची पुडी. आणि तिच्या मागे, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, डुलत डुलत तो. मी पदर कपाळावर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. होय, सख्ख्या भावाला बघून मी तोंड फिरवलं.

“ताय!”

काय आवाज होता तो! अकरा वर्षांनी, पदराआड, पाठमोरी, पोट पुढे आलेली, तरी त्यानं मला ओळखलं! अर्ध्या पायऱ्यांवरची माणसं वळून बघू लागली. “ताय आली! माजी ताय आली!” दोन्ही हात वर करून तो पायऱ्या चढत सुटला, मावशी मागून ओरडतेय, “आरं पडशील, दमानं!” माझ्याजवळ पोचला, धापा टाकत माझं मंगळसूत्र बघितलं, मग शेजारी उभ्या यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर असा काही उजेड पडला, की सांगता येत नाही. पुढे झाला आणि यांचा उजवा कान धरून जोरात पिळला!

“अरे अरे अरे! कोण रे तू?” हे कळवळले. हिरामणनं कान सोडला आणि तळहात पुढे केला. “टोपी दे.”

हे हसावं की चिडावं या विचारात. पण सासूबाईंच्या हातातली हळदीची पुडी तशीच राहिली. त्यांनी त्या पुढे केलेल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. “कानपिली नवरीचा भाऊस करतो,” त्या हळू म्हणाल्या. “कोन गो हा तुजा?”

आजवर इतक्या वेळा ‘नाही’ म्हटलं होतं. आणखी एकदा म्हणता आलं असतं. खुळा आहे, काहीही करतो, एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण हिरामण माझ्याकडे बघून हसत होता, आणि माझ्या तोंडून आलं, “भाऊ. माझा सख्खा भाऊ.” मग थांबलंच नाही. पुस्तकातला फोटो, डॉक्टरीणबाईंचा प्रश्न, पहिल्या स्थळापासूनचं सगळं मी त्या पायरीवर उभी राहून सांगून टाकलं.

यांचा चेहरा दगडासारखा झाला. ते वळले आणि भराभरा पायऱ्या उतरून खालच्या गर्दीत दिसेनासे झाले. मला वाटलं, संपलं. मावशी सासूबाईंपुढे हात जोडून म्हणाली, “पोरीचा दोष न्हाय, आमी सगल्यांनी केलं. हा दर मंगलवारी इचारतो, तायचं लगीन कवा? मी सांगते, व्हायचं हाय अजून. काय सांगू दुसरं?”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “अकरा वर्सं माज्या हातचं खाल्लंस, नि एवढं सांगाया तोंड उघडलं न्हाय?” मी रडत होते. हिरामण मात्र आपला हात पुढे धरून पायऱ्यांच्या तळाकडे बघत उभा. त्याला खात्री होती, नवरदेव टोपी आणायला गेलाय.

आणि तसंच होतं की हो! खालच्या दुकानातून पांढरी टोपी आणि उपरणं घेऊन हे परत वर येत होते. धाप लागलेली, कान अजून लाल. “अकरा वर्षं थांबलाय माणूस,” म्हणाले, “आणखी किती थांबवायचा?” त्यांनी हिरामणच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर उपरणं टाकलं. मला फक्त म्हणाले, “तुझ्याशी घरी बोलतो.” सासूबाईंनी डोळे पुसले, हिरामणच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाल्या, “मामा होनार हायस तू, कललं का?” झालं! मग काय विचारता! येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला टोपी दाखवत, “मी मामा! मी मामा!” एका पुजाऱ्यालाही त्यानं थांबवून सांगितलं.

घरी हे बोलले ते एकच वाक्य. “भावाला लपवलंस त्याचा राग नाही. मी त्याला बघून तुला टाकेन असं तुला वाटलं, त्याचा आहे.” पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. तेवढं माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं.

गुरुवारी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो, पण खरं सांगायला. त्यांनी रागावल्याशिवाय सगळं ऐकलं, पुन्हा समजावलं, आणि निर्णय आमच्यावर सोडला. आम्ही तपासणी केली नाही. दुसऱ्या कुणी केली तर तिचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. कुणाच्या घरात काय आहे ते तिलाच ठाऊक. माझं एवढंच झालं होतं की, ज्याची भीती होती तो आमच्याबरोबर घरी आला होता, टोपी घालून माझ्या ओसरीवर बसून चहा पीत होता, आणि भीती कुठे गेली ते कळलंच नाही.

मुलगी झाली. नर्स डॉक्टरीणबाईंकडे बघायला लागली, त्या शब्द शोधत होत्या. यांनी दुपट्यातला चेहरा नीट बघितला आणि म्हणाले, “मामावर गेली की!” इतक्या कौतुकानं म्हणाले की सगळे हसलो, मी टाके सांभाळत हसले.

सोपं होतं असं नाही. पोरीच्या हृदयाच्या दुखण्यासाठी मुंबईला खेपा झाल्या, तिला चालायला तीन वर्षं लागली. पण जावळ काढलं ते मामाच्या मांडीवर बसवून, रीतीप्रमाणे, आणि कात्री जवळ आली तेव्हा भाचीपेक्षा मामाच जोरात ओरडला.

मी देवीपुढे दोनच गोष्टी मागितल्या होत्या. तिनं दोन्ही नाकारल्या, त्यातली एक नाकारायला तर ती मी पायऱ्या उतरेपर्यंतसुद्धा थांबली नाही. आता आम्ही मंगळवारी जमेल तेव्हा वज्रेश्वरीला जातो. मी ओटी ठेवते आणि काही न मागता उभी राहते. काय मागायचं ते मला कळत नाही, हे मला आता कळलं आहे. खाली उतरते तेव्हा कासवाच्या पायरीवर हे मधे बसलेले असतात. उजवा कान मामाच्या हातात, डावा भाचीच्या, आणि तिघंही खिदळत असतात. आई, तू माझं ऐकलं असतंस, तर ते दोन्ही हात रिकामेच राहिले असते.